वायू वर जातो

"सगळेच वायू वर जातात का हो?" मी बेहेऱ्यांना विचारलं.

आमच्या मालिकेचे हे लेखक. कॅन्टीनमध्ये बटाटेवडा खाता खाता पुढचं पान लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "फुगा कुठे जातो?"

"वर."

"झालं तर मग." आणि तेलाचा डाग पडलेलं ते पान त्यांनी माझ्या हातात दिलं.

मालिकेचं नाव 'दूरग्रह'. मी त्यात डॉक्टर मीरा. डॉक्टर कशाची, हे बेहेऱ्यांनी शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. कधी मी जखमा बांधायची, तर कधी पान्हा घेऊन इंजिनात डोकं घालायची. आमचं यान शनीला वळसा घालून जेवायच्या वेळेपर्यंत परत यायचं. पोकळीत स्फोट झाला तरी धडाम आवाज ठरलेला. एकदा तर वाट चुकलेल्या कॅप्टनने खिशातून होकायंत्र काढून अवकाशात उत्तर दिशा शोधली, आणि ती सापडलीसुद्धा. नामावलीत एका विज्ञान सल्लागाराचं नाव दर आठवड्याला झळकायचं. त्या गृहस्थाला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

एरवी मी असल्या गोष्टी हसून सोडून द्यायची. लोक बघत होते, नाक्यावरचा इस्त्रीवाला मला 'डॉक्टरीणबाई' म्हणत होता, आणखी काय हवं? पण या भागाचं प्रत्येक वाक्य मी चाळणीतून गाळून घेत होते, कारण या भागात नाना काम करणार होते.

नाना कारखानीस म्हणजे माझे सासरे. लग्न होऊन ठाण्याच्या घरी आले तेव्हा मला रंगमंचावर धड उभंही राहता येत नव्हतं. कुठे थांबायचं, कुठे गप्प बसायचं, समोरच्याचं वाक्य पडेपर्यंत पाय जागचा कसा हलू द्यायचा नाही, हे सगळं नानांनी शिकवलं. माझा नवरा प्रमोद बँकेत होता, त्याला नाटकाचं काडीचं वेड नव्हतं. त्यामुळे नानांचं जे काही होतं ते माझ्याकडे आलं.

आणि अशा माणसाचं सांगलीच्या प्रयोगात तिसऱ्या अंकात सगळं पुसलं गेलं. अंगात ताप होता, तरी उभे राहिले होते. समोरचा नट दोनदा त्यांना वाक्यावर आणायला गेला, आतून कुणी सांगितलं, पण काही उपयोग नाही. पडदा पाडावा लागला. डॉक्टरांनी नंतर सगळं तपासून सांगितलं की डोक्यात काहीही बिघाड नाही, तो तापाचा परिणाम होता. पण आमच्या धंद्यात डॉक्टरांना कोण विचारतो? नाना विसरतात, असं एकदा पसरलं आणि फोन यायचे बंद झाले. त्यानंतर ते खिडकीशी बसून घेवड्याच्या शेंगा सोलायचे. मला ते बघवत नसे.

मालिकेचा दिग्दर्शक विद्याधर रेगे. पोरवयात नानांच्या कंपनीत भालदार म्हणून उभा राहिलेला. त्याने आठवण ठेवली आणि या भागातलं काम नानांना दिलं. पिवळ्या ग्रहावर एकटा मागे राहिलेला म्हातारा प्राध्यापक, विषारी धुक्यात एका खड्ड्यात पडलेला. शेवटी एक लांबलचक भाषण आणि मरण. भाषण भिकार होतं, हे मी आजही म्हणेन. मरायला टेकलेला माणूस एवढं बोलतो का? त्यात पुन्हा तो मीराला सांगतो की खाली ये, जमिनीला चिकटून राहा, वायू वर जातो. म्हणून तर मी बेहेऱ्यांना ते विचारलं होतं. नानांना मात्र भाषणाबद्दल एक शब्द बोललेला चालत नसे.

"भिकार असू दे," ते म्हणाले. "मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचंय. सगळ्यांच्या देखत. त्यानंतर कुणी नाही बोलावलं तरी चालेल मला."

त्यांची तालीम बघण्यासारखी असायची. माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, प्रमोद लहान असताना विषमज्वर झाला आणि कान गेले ते गेलेच. तेव्हापासून त्या ओठांवरून बोलणं वाचायच्या. नाना त्यांच्यासमोर बसून भाषण म्हणायचे, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. माई तांदूळ निवडता निवडता त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात मागून म्हणायच्या. माईंना कळलं म्हणजे शेवटच्या रांगेलाही कळलं, असा नानांचा हिशेब. सगळी नाटकं त्यांनी अशीच बसवली होती. कुठे शब्द मागेपुढे झाला की माई हात वर करायच्या, "आधी वायू, मग धुकं." आणि नाना मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

अडचण माझ्या शिरस्त्राणाची होती. शिरस्त्राण कसलं, स्कूटरचं हेल्मेट रंगवून त्याला पुढे काच चिकटवलेली. आत घातलं की आपलाच श्वास घुमायचा, दुसरं काही कळायचं नाही. शेजारी कुणी ओरडून बोललं तर ऐकू यायचं, पण खड्ड्यातल्या माणसाचं पुटपुटणं मला वर ऐकू येणं शक्य नव्हतं. नानांनी त्यावरही तोड काढली. माईंना लांबून बोलवायचं असलं की ते तळवा आत वळवून दोनदा बोटं मिटायचे. तोच इशारा ठरला.

"मी हात केला की उतरायचं," त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं. माई ओट्याशी होत्या, त्याही बघत होत्या. "हात केला नाही तर एक पाऊल टाकायचं नाहीस, मग काहीही होवो."

"आणि विसरलात तर?" मी चिडवलं. बोलून गेल्यावर जीभ चावली.

नाना हसले. "तर तू वरच उभी राहा. मला सांभाळून घ्यायला येऊ नकोस. सांभाळून घेतलेला नट मला बघवत नाही."

चित्रीकरण दुपारी होतं. अंधेरीला एक बंदिस्त गोदाम होतं, त्याचाच स्टुडिओ केलेला. मध्ये लाकडी चौथरे मांडून भोवती थर्मोकोलचे खडक रचले होते आणि चौथऱ्यांच्या मधोमध माणूस पुरता आडवा होईल एवढा खड्डा ठेवला होता, आतून ताडपत्री लावलेली. प्राध्यापक जमिनीला चिकटून राहतो असं बेहेऱ्यांनी लिहिलं होतं, म्हणून हा खड्डा. धुक्यासाठी कोरडा बर्फ आणला होता. नाटकात आम्ही तो वापरायचोच, पाण्यात टाकला की पांढरे लोट निघतात. पण नाटकात एखादं घमेलं असतं. इथे गरम पाण्याची पिंपं भरून खडकांच्या मागे ठेवली होती आणि त्यात लाद्यांवर लाद्या पडत होत्या.

थंड हवेचं यंत्र बंद केलं. एक तर त्याची घरघर ध्वनिमुद्रणात यायची, आणि दुसरं म्हणजे वाऱ्याने धुकं विस्कटायचं. दारं लावली. दिव्यांनी सगळे घामाघूम झाले, पण धुकं असं सुरेख बसलं की रेगे लहान पोरासारखा खूश झाला. चौथऱ्यांवरून ओघळून ते खड्ड्यात उतरत होतं आणि तिथेच साचून राहत होतं, जराही हलत नव्हतं. बेहेरे खुर्चीवर बसून आपल्याच ग्रहाकडे कौतुकाने बघत होते.

कॅप्टनचं काम करणारा सुहास कोतवाल तेव्हा फार हवेत असायचा. त्याने कुणाला तरी सांगून नानांच्या वाक्यांच्या चिठ्ठ्या खडकांच्या आतल्या बाजूला चिकटवून घेतल्या होत्या, म्हणजे म्हातारा अडला तर वाचून म्हणेल. नानांनी खड्ड्यात उतरण्याआधी त्या सगळ्या एकेक करून काढल्या, नीट घडी घातली आणि सुहासच्या हातात दिल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला आणि आडवे झाले.

सुरुवात झाली. मी आणि सुहास खड्ड्याच्या काठावर, काचेच्या आत. नानांचं शिरस्त्राण गोष्टीत फुटलेलं, त्यामुळे त्यांचा चेहरा उघडा होता आणि एक कॅमेरा थेट त्याच्यावर. धुक्यातून त्यांचं तोंड तेवढं वर दिसत होतं, कधी दिसायचं, कधी झाकायचं. ओठ हलत होते. मला शब्द कळत नव्हते, पण भाषण मला पाठ होतं आणि ओठांच्या हालचालीवरून कुठवर आलंय ते समजत होतं. चांगलं चाललं होतं. फार चांगलं चाललं होतं. त्यांना धाप लागली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. रेग्याकडे पाहिलं तर तो दोन्ही हात तोंडावर ठेवून उभा. मनात म्हटलं, बघा मेल्यांनो, नाना विसरतात म्हणत होता ना.

आणि माझ्या जागेशी, म्हणजे मला खाली बोलवायच्या ओळीशी आल्यावर ते थांबले.

ओठ थांबले. डोळे माझ्याकडे वळले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात उचलला गेला, अर्ध्यावर आला, आणि बोटं न मिटताच धुक्यावर पालथा पडला. मग ओठ पुन्हा हलायला लागले, पण ते माझ्या ओळखीचं नव्हतं. भाषणातलं काहीच नव्हतं ते. मी जागची हलले नाही. हात झाला नव्हता.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तो सेटवरचा क्षण ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल. नट विसरला की कुणी त्याच्याकडे बघत नाही, कुणी खोकत नाही, आणि काहीही झालं तरी कुणी त्याला मध्ये तोडत नाही. त्याला वेळ द्यायचा, आठवू द्यायचं, ही आमच्यातली माणुसकी. रेग्याने तेच केलं. कॅमेरा चालू ठेवला. आणि इतके दिवस नाक मुरडणारा सुहास माझ्या शेजारी मोठ्यांदा म्हणाला, "बोलू नका, प्राध्यापक. आम्हाला कळलं." भाषणात नसलेलं वाक्य, नुसतं नानांना सावरायला. मला सुहासचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असंही वाटत होतं.

नानांचं डोकं धुक्याखाली गेलं. प्राध्यापक तिथेच मरायचा होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. रेग्याने अजून थोडं थांबून मग "कट" म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या, जरा जास्तच जोरात. नाना उठले नाहीत. मी हेल्मेट काढलं, तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं की त्यांना लाज वाटत असेल, असू द्या घटकाभर.

मी हेल्मेट फेकलं आणि खाली उडी मारली. गुडघ्यावर बसून त्यांचं डोकं उचलायला वाकले तर नाकात झिणझिण्या आल्या, छाती धडधडायला लागली, एकदम श्वासच पुरेना. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. मी किंचाळले का, ते मला आठवत नाही. दिवेवाल्यांनी आम्हा दोघांना बखोटीला धरून वर ओढलं, कुणीतरी दारं उघडली. मी श्वास घेतला. नानांनी घेतला नाही.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता. कोरडा बर्फ, बंद गोदाम, खड्डा, असं एकेक ऐकत गेला आणि शेवटी त्याने कपाळाला हात लावला. "अहो, त्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो खालीच साठतो. उभ्या माणसाला कळत नाही, खाली निजलेला जातो."

बेहेरे तिथेच बाकावर बसले होते. म्हणाले, "पण मी तर..." आणि थांबले. मला त्यांना बदडून काढावंसं वाटत होतं. मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, तेव्हा ते उठून जिन्याकडे गेले.

रेगे माझ्याजवळ आला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याला मला धीर द्यायचा होता, हे मला कळत होतं. "शरयूताई, शेवटची ओळ तेवढी चुकली हो त्यांची. भलतंच काहीतरी पुटपुटले, धापेत शब्दही लागले नाहीत. पण ते आपण नीट करू. कुणाला कळणार नाही."

नाना गेले, हे कसंबसं सोसलं असतं. पण विसरून गेले, हे मला सोसवेना. ज्यासाठी एवढा अट्टाहास केला, तेवढंच हातातून निसटलं होतं. घरी सगळं होऊन गेल्यावर माईंनी मला जवळ बसवलं आणि एकच विचारलं, "म्हटलं का पूर्ण?" मी तोंड फिरवलं. माईंच्या समोर तोंड फिरवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लावणं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

अपघात म्हणून कागद झाले. निर्मात्याचा माणूस मोठा थोरला हार घेऊन येऊन गेला. भेटायला येणारे नट हळहळायचे आणि निघताना दारात हळू आवाजात म्हणायचे की सांगलीसारखंच झालं म्हणे पुन्हा. प्रमोद हे ऐकायचा आणि आतल्या खोलीत निघून जायचा. मी 'दूरग्रह' सोडली. डॉक्टर मीरा एका उल्केवर अडकली आणि पुढे तिचं नावही कुणी काढलं नाही.

काही महिन्यांनी तो भाग लागला. मला बघायचाच नव्हता, पण माई दुपारपासून टीव्हीसमोर पाट मांडून बसल्या. संध्याकाळी शेजारपाजारचे आले. नानांचं शेवटचं काम म्हणून सगळे चपला काढून गुपचूप बसले. तेच रंगवलेले खडक, तीच हेल्मेटं.

मग पडद्यावर नानांचा चेहरा आला, अख्खा पडदाभर. आणि माई बोलायला लागल्या.

तालमीत म्हणायच्या तशाच, त्यांच्या सपाट आवाजात, नानांच्या ओठांमागून एकेक वाक्य. टीव्हीतून नानांचा आवाज येत होता आणि त्याच्या मागोमाग माईंचा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. प्रमोदने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थांबवायला पाहिलं, तर त्यांनी तो झटकला. आधी वायू, मग धुकं, सगळं जिथल्या तिथे. भिकार भाषण होतं, पण त्या दोघांच्या तोंडून ते ऐकताना माझे डोळे भरून आले.

माझ्या जागेशी आवाज बदलला. रेग्याने नीट केलं होतं ते हे. कुणातरी दुसऱ्याकडून, नानांची नक्कल करून, ओळ भरून घेतली होती. टीव्ही म्हणाला, "मीरा, खाली ये. जमिनीला चिकटून राहा. वायू वर जातो."

माईंना टीव्ही ऐकू येत नव्हता. त्या ओठ वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "शरयू, खाली येऊ नकोस. इथे श्वास नाही. येऊ नकोस."

शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या की माईंचं चुकलं वाटतं, असं नाही म्हणाले ते. कुणीतरी त्यांना गप्प केलं. पडद्यावर नानांचं डोकं धुक्याखाली गेलं, सुहासचं वाक्य कापून टाकलं होतं, नुसतं संगीत वाजत होतं. इतके महिने मी त्या अनोळखी ओठांचा अर्थ लावत होते, आणि आमच्या घरात तो वाचू शकणारं एक माणूस रोज माझ्यासमोर तांदूळ निवडत बसलेलं होतं.

माईंनी पाट वळवला आणि माझ्याकडे तोंड केलं. मी या वेळी तोंड फिरवलं नाही.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"वर. काठावर."

"त्यांनी हात केला होता?"

"नाही," मी म्हटलं. "उचलला होता. पण केला नाही."

माईंनी पदराने डोळे टिपले, मग उठून टीव्ही बंद केला. शेजारी एकेक करून उठले, चपला शोधायला लागले. माई प्रमोदकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ते काही विसरले नव्हते."